हात दाखवून अवलक्षण नको: हात कसा बघायचा, ठसा कसा घ्यायचा आणि त्यातून खरंच काय कळतं

लग्नाच्या मांडवात किंवा ऑफिसात डब्याच्या सुट्टीत कुणी सहज म्हणालं, "मला थोडाफार हात बघता येतो," की दोन मिनिटांत चार तळहात पुढे येतात. प्रश्न ठरलेले असतात. लग्न कधी? परदेशयोग आहे का? पैसा टिकेल का? आयुष्य किती? उत्तरं मात्र दोन ठिकाणी दोन मिळतात. याचं कारण दरवेळी बघणाऱ्याचं अज्ञान नसतं. बरेचदा हात नीट उजेडात बघितलेलाच नसतो, किंवा एकच रेषा दोघं दोन नावांनी ओळखत असतात. म्हणून आधी बघायचं कसं ते घेऊ, मग रेषांकडे वळू.

कुठला हात?

रूढ उत्तर: पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. दुसरी पद्धत म्हणते, कामाचा हात म्हणजे स्वतः घडवलेलं आणि दुसरा हात म्हणजे जन्माने आलेलं. तुम्ही कुठलीही पद्धत माना, पण दोन्ही हात शेजारी ठेवूनच बघा. एका हातावर ठळक असलेली रेषा दुसऱ्यावर नसेल, तर तिच्यावर मोठं भाकीत उभं करू नये, हे दोन्ही पद्धतींना मान्य आहे.

कामाचा हात कुठला हे विचारून घ्यावं लागतं. लिहितो कुठल्या हाताने एवढं विचारून भागत नाही, कारण आपल्याकडे कित्येक डावखुऱ्यांना लहानपणी पट्टी मारून उजव्याने लिहायला लावलेलं असतं. जेवतो कुठल्या हाताने हे तर विचारूच नका. कात्री, चेंडू आणि स्क्रू ड्रायव्हर कुठल्या हातात धरतो ते विचारा.

कधी, कुठे, कसं बसून?

सकाळी, खिडकीशेजारी. जुने लोक "रात्री हात बघू नये" म्हणतात, त्यात उजेडाचा भाग मोठा आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली बारीक रेषा पुसल्यासारख्या होतात. उजेड बाजूने, तिरका पडला की प्रत्येक रेघेला सावली येते आणि ती दिसते.

हात धुऊन, कोरडा करून, 10–15 मिनिटं तसाच ठेवा. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच बघितलं तर कातडीला सुरकुत्या असतात आणि नसलेल्या रेषा दिसतात. थंडीत कोरड्या हातावरही तेच होतं. थोडं खोबरेल चोळून पुसून घ्या आणि मग बघा. मेंदी ताजी असेल तर आठ दिवस थांबलेलं बरं. रंगामुळे बारीक रेघ आणि नक्षीची कड यांतला फरक कळत नाही.

हात ताणून धरायला लावू नका. ताणला की तळव्याच्या बारीक आडव्या रेषा नाहीशा होतात, जास्त मिटला की नव्या घड्या पडतात. हात सैल, बोटं किंचित वाकलेली, मागून उशीचा किंवा टेबलाचा आधार. भिंग तीनपट पुरतं. दहापट भिंगातून प्रत्येक रेषा साखळीसारखी दिसते आणि मग प्रत्येकाच्या आयुष्यात संकटंच संकटं निघतात.

फोटो पाठवला तर चालतो का?

चालतो, पण फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने काढा. सेल्फी कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये चित्र आरशासारखं उलटं साठवतो. डावा हात उजवा होतो आणि बघणारा भलत्याच हाताबद्दल बोलत बसतो. फ्लॅश बंद, अंतर 25–30 सेंटिमीटर, उजेड बाजूने. दोन्ही तळहात, दोन्ही हातांची करंगळीकडची कड आणि अंगठा बाजूने, असे सहा फोटो पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेषा दाबल्या जातात.

एक सावधगिरी. जवळून काढलेल्या स्पष्ट फोटोत बोटांचे ठसेही येतात. अनोळखी माणसाला पाठवणार असाल तर बोटांची टोकं कापून टाका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे, तीही वापरा.

कागदावर ठसा कसा घ्यायचा?

फोटोपेक्षा ठसा चांगला, कारण तो मोजता येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

शाईची पद्धत अशी. छापखान्याची काळी शाई वाटाण्याएवढी घ्या. गुळगुळीत टाइलवर किंवा काचेवर रबरी रोलरने ती इतकी पातळ पसरा की काच तपकिरी दिसावी, काळी नव्हे. तोच रोलर मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत तळहातावर फिरवा. टेबलावर चार घड्यांचा टॉवेल, त्यावर ए-4 कागद. हात सैल सोडून कागदावर ठेवा, मग दुसऱ्या कुणाला हाताच्या पाठीवर मधोमध आणि प्रत्येक बोटावर हलकं दाबायला सांगा. पाच सेकंदांनी हात सरळ वर उचला. शाई काढायला आधी खोबरेल चोळायचं, मग भांड्यांचा साबण. उलट क्रमाने केलं तर दोन दिवस हात काळपट राहतात.

कापराच्या काजळीची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात रेषा जास्त नाजूक उमटतात. स्टीलच्या झाकणात कापराच्या तीन-चार वड्या पेटवा आणि गुळगुळीत कागद ज्योतीपासून आठ-दहा सेंटिमीटर वर गोल गोल फिरवत राहा. एका जागी थांबलात तर कागद पेटतो. सगळीकडे सारखी करडी-काळी काजळी बसली की थंड होऊ द्या आणि हात टेकवा. काजळी उचलली गेलेली जागा पांढरी दिसते, रेषा काळ्या राहतात. हा ठसा बोट लागताच पुसतो, म्हणून 100 मिलिलिटर स्पिरिटमध्ये 10 ग्रॅम चपडा लाख विरघळवून ते पाणी कागदाच्या मागच्या बाजूने लावा. ज्योत पूर्ण विझल्याशिवाय स्पिरिटची बाटली उघडायची नाही.

चुका साधारण याच होतात. तळव्याचा मध्य कोरा येतो, कारण तिथे खळगा असतो. कागदाखाली रुमालाची छोटी गुंडाळी ठेवा. रेषा भरून जाऊन काळा डाग येतो, म्हणजे शाई जास्त झाली. स्टॅम्प पॅडची पातळ शाई वापरली की हे हमखास होतं. दुहेरी कडा आल्या तर हात उचलताना सरकला. आणि सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. ठसा आरशासारखा उलटा असतो. उजव्या हाताच्या ठशात अंगठा डावीकडे दिसतो. कागद वाळायच्या आत त्यावर "उजवा", "डावा", तारीख आणि वय लिहा.

हाताचा नकाशा

अंगठ्याच्या मुळाशी मांसल भाग, तो शुक्राचा उंचवटा. तर्जनीखाली गुरू, मधल्या बोटाखाली शनी, अनामिकेखाली रवी, करंगळीखाली बुध. करंगळीच्या बाजूला खाली, मनगटाकडे चंद्र. मंगळ दोन ठिकाणी: एक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, दुसरा चंद्र आणि बुध यांच्या मधे. मनगटावरच्या आडव्या रेषा म्हणजे मणिबंध. उंचवटा बघायचा तो हात डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून, वरून नव्हे. बोटाने दाबून बघितलं तर मऊ, भरीव की नुसती चरबी तेही कळतं.

हाताचे चौकोनी, निमुळते, चमच्यासारखे वगैरे प्रकार पुस्तकांत भरपूर आहेत. प्रत्यक्षात बहुतेक हात मिश्र असतात, त्यात फार वेळ घालवू नका. अंगठ्याला मात्र सगळ्याच परंपरा वजन देतात. नखाचं पेर म्हणजे इच्छाशक्ती, मधलं पेर म्हणजे विचार. मागे सहज वळणारा अंगठा मिळतं घेणाऱ्याचा, ताठ अंगठा हट्टी माणसाचा, असं मानतात.

माझी आयुष्यरेषा आखूड आहे. म्हणजे आयुष्य कमी?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या आवाजातच फरक पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

आज बाजारातल्या बहुतेक मराठी पुस्तकांत अंगठ्याला वळसा घालून मनगटाकडे जाणारी ती आयुष्यरेषा, तळव्यावर आडवी जाणारी ती मस्तकरेषा आणि बोटांच्या खाली करंगळीकडून निघणारी ती हृदयरेषा. ही वाटणी युरोपातून आलेली आहे. तिचा प्रसार करणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे किरो (1866–1936). हा आयरिश गृहस्थ सांगायचा की आपण ही विद्या कोकणातल्या जोशी मंडळींकडून शिकलो. दावा त्याचा स्वतःचा आहे, पण त्यामुळे त्याची पुस्तकं आपल्याकडे घरचीच वाटली.

आपल्या सामुद्रिकात, म्हणजे अंगावरच्या खुणांवरून भविष्य सांगणाऱ्या जुन्या विद्येत, मात्र गोष्ट वेगळी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत आयुष्य मोजायला सांगितलं ते तर्जनीकडे जाणाऱ्या रेषेवरून. ती तर्जनीपर्यंत पोचली तर शंभर वर्षं, कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे आज जिला आपण हृदयरेषा म्हणतो ती तिथे आयुरेखा आहे. अंगठ्याभोवतीच्या रेषेला सामुद्रिकात पितृरेखा आणि मस्तकरेषेला मातृरेखा म्हणण्याची परंपरा आहे. तुटक रेषेचा अर्थ वराहमिहिर झाडावरून पडणं असा देतो. झाडावर चढणं रोजचंच असलेल्या समाजात त्याला अर्थ होता. आज बाराव्या मजल्यावरच्या माणसाने त्याचं काय करायचं?

म्हणून कुणी "आयुष्यरेषा" म्हटलं की पहिला प्रश्न हा: कुठली? बोट ठेवून दाखवा. दोन जाणकारांची दोन उत्तरं इथेच फुटतात.

आता रेषेची लांबी आणि आयुष्य. 1990 साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात शंभर मृत व्यक्तींच्या आयुष्यरेषा मोजून केलेला एक छोटा, काहीसा मिश्कील अभ्यास आला होता, आणि त्यात लांबी व मृत्यूसमयीचं वय यांचा संबंध दिसलाही होता. यावर हुरळून जाण्याआधी वयस्कर माणसाचा हात बघा. वय वाढतं तशी कातडी सैल होते, घड्या खोल आणि लांब होतात. रेषा लांब म्हणून माणूस जास्त जगला की माणूस जास्त जगला म्हणून रेषा लांब झाली? आखूड रेषा असलेले ऐंशीचे आजोबा तुमच्याच गल्लीत सापडतील, शोधून बघा.

रेषेवरून वय कसं काढतात, आणि ते किती अचूक?

रूढ रीत अशी. भाग्यरेषा मनगटाकडून वर जाते. ती मस्तकरेषेला छेदते तिथे 35 वर्षं आणि हृदयरेषेला छेदते तिथे सुमारे 50 धरतात. किरोच्या पद्धतीत सात-सात वर्षांचे टप्पे पाडतात. ठशावर मऊ दोरा रेषेवर ठेवून तिची लांबी घ्यायची आणि भाग पाडायचे.

हिशेब करून बघा. मोठ्या माणसाची अंगठ्याभोवतीची रेषा साधारण आठ-नऊ सेंटिमीटर भरते. ती 80–90 वर्षांची धरली तर एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. रेषेची स्वतःची जाडीच जवळपास तेवढी असते आणि सुरुवात नेमकी कुठून धरायची यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. करंगळीखाली कडेवर असणाऱ्या विवाहरेषेचं तर विचारूच नका. हृदयरेषा ते करंगळीचं मूळ हे अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास; त्यात 50 वर्षं बसवली की एक मिलिमीटरला चार वर्षं पडतात. "सत्ताविसाव्या वर्षी, मार्गशीर्षात" असं कुणी ठणकावून सांगत असेल तर ते मोजमाप त्या हातावर मावतच नाही. या पद्धतीवर विश्वास ठेवणाऱ्यालाही हे मान्य करावं लागतं.

विवाहरेषा दोन आहेत. दोन लग्नं?

करंगळीखाली हाताच्या कडेवर या आडव्या रेघा असतात. मूठ वळली की तिथली कातडी घडी घालते, म्हणून बहुतेकांना दोन-तीन असतातच. हात किंचित मिटला की एखादी वाढते. परंपरेतही सगळ्यात लांब आणि खोल रेघ तेवढी विवाहाची धरतात, बाकीच्या जवळीक किंवा ओढ म्हणून सोडून देतात. लग्न जमवताना मुलीच्या हातावर दुसरी रेघ दिसली म्हणून स्थळ मोडणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

मुलांच्या रेघांत तर परंपरांचाच मेळ नाही. नव्या पुस्तकांत त्या विवाहरेषेवर उभ्या असतात, जुन्या सामुद्रिकात अंगठ्याच्या मुळाशी. मोठी रेघ मुलगा, बारीक रेघ मुलगी. गरोदर बाईचा हात बघून मुलगा की मुलगी हे कुणी सांगू लागलं तर तिथून उठा. गर्भलिंग सांगण्याची जाहिरात, मग ती शास्त्रीय रीतीची असो वा दुसऱ्या कुठल्याही, 1994च्या पीसीपीएनडीटी कायद्याने बंद आहे.

परदेशयोग? चंद्राच्या उंचवट्यावर कडेकडून आत येणाऱ्या आडव्या रेघांना प्रवासरेषा म्हणतात. त्या जवळजवळ प्रत्येक हातावर असतात. पासपोर्टचा अर्ज करा.

भाग्यरेषाच नाही, मग?

घाबरू नका. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत सलग जाणारी रेषा थोड्यांनाच असते. बऱ्याच हातांवर ती तुकड्यांत असते, कधी तळव्याच्या मध्यावर सुरू होते, कधी नसतेच. ती नसणं म्हणजे ठरलेली वाट नाही, माणूस आपल्या हिमतीवर वाट काढतो, असा अर्थ जाणकार देतात. अर्थ गोड आहे, आणि ऐकणाऱ्याला तो नेहमीच पटतो. तो इतका सहज का पटतो, ते खाली येईल.

मासा, त्रिशूळ, एम, चंद्रकोर

बृहत्संहितेत तळहातावर जोडमासे असणारा माणूस सदैव अन्नछत्र चालवणारा असतो असं म्हटलंय. चिन्ह खरं कधी धरायचं याचा नियम सोपा आहे: ते स्वतंत्र रेघांनी बनलेलं हवं, मुख्य रेषा उधार घेऊन नव्हे. या नियमाने दहातली नऊ चिन्हं गळतात. इंग्रजी एम अक्षर तर तीन मुख्य रेषा आणि भाग्यरेषा यांनी आपोआपच बनतं, त्यात दुर्मीळ काही नाही.

दोन्ही तळहात जोडले की हृदयरेषांची चंद्रकोर होते आणि मग जोडीदार सुंदर मिळतो, हे मोबाइलवर फिरणारं प्रकरण. करंगळ्यांची मुळं नेमकी जुळवून बघा, मग एक हात तीन मिलिमीटर खाली सरकवून बघा. कोर मोडते. जोडीदाराचं रूप काही त्या तीन मिलिमीटरवर ठरत नाही.

शंख आणि चक्र कसे मोजायचे?

डोळ्यांनी मोजलं तर चूक होते. टू-बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल कागदावर घासून काळा चौकोन करा. बोटाचं टोक त्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवा. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून काढा आणि पांढऱ्या कागदावर डकवा. दहाही बोटांचं करायला पंधरा मिनिटं लागतात. आता ठशात तीन बाजूंच्या रेघा मिळून जिथे त्रिकोण होतो अशी जागा शोधा. दोन त्रिकोण आणि मधे गोल म्हणजे चक्र. एक त्रिकोण आणि एका बाजूला उघडा वळसा म्हणजे शंख. एकही त्रिकोण नाही, नुसती कमान, असा ठसा कमी आढळतो. शंख सगळ्यात जास्त असतात. "दहा चक्रं म्हणजे राजा" वगैरे ऐकताना एवढं ध्यानात असू द्या की या वळणांचा आकार गर्भाच्या चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास पक्का होतो आणि जुळ्या भावांतही सारखा नसतो.

चक्रं मोजण्याचा खरा मोठा उपयोग भारतातच झाला. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या कराराच्या कागदावर सहीऐवजी अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे 1897 मध्ये कोलकात्यात ठसे नोंदवणारं कार्यालय सुरू झालं. तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस अधिकाऱ्यांनी ज्या वर्गीकरणावर मेहनत घेतली त्यात चक्र कुठल्या बोटावर आहे यावरून 1,024 गट पडतात. नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं.

याच ठशांवरून मुलाची बुद्धी, कल आणि करिअर सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी शाळाशाळांतून काही हजारांना विकली जाते. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने तिला वैज्ञानिक आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. रंगीत आलेख आणि चाळीस पानी अहवाल आला म्हणून ती वेगळी ठरत नाही. दहावीच्या मुलाची शाखा यावरून ठरवू नका.

रेषा बदलतात का?

मुख्य तीन रेषा आईच्या पोटात, तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला पडतात आणि फारशा हलत नाहीत. बारीक रेषा बदलतात: वजन, वय, कातडीचा कोरडेपणा आणि कामाप्रमाणे. सहा महिने खुरपणी केलेला हात आणि सहा महिने कीबोर्डवर असलेला हात सारखा दिसणारच नाही. म्हणून लहान मुलांचे हात बघू नयेत हा जुना संकेत योग्यच आहे.

काहींच्या हातावर हृदयरेषा आणि मस्तकरेषा मिळून एकच आडवी रेषा असते. हात बघणारे तिला टोकाच्या एकाग्रतेची खूण मानतात. डाउन सिंड्रोममध्ये ती बऱ्याच मुलांत दिसते, पण निरोगी माणसांतही असते. नुसत्या या रेषेवरून कुणाच्या बाळाबद्दल अंदाज बोलून दाखवू नका.

मग काही जण इतकं बरोबर कसं सांगतात?

हातावरच्या सगळ्यात बोलक्या खुणा रेषा नसतात. अनामिकेवर अंगठीचा फिकट वळ आहे पण अंगठी नाही. उजव्या मधल्या बोटाच्या पहिल्या पेराला पेनचा घट्टा. डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांवर कडक कातडी, म्हणजे गिटार किंवा तसं तारांचं वाद्य. भाकऱ्या करणाऱ्या बाईच्या बोटांची टोकं तव्याच्या आचेने निबर झालेली असतात, तर विळीवर चिरून चिरून अंगठ्याच्या कडेला बारीक आडव्या चिरा. ऊसतोड करणाऱ्याच्या, गवंड्याच्या हाताचा ठसा रेशन दुकानातल्या मशीनला लवकर सापडत नाही, इतका तो झिजलेला असतो. हात हातात घेतल्याबरोबर अनुभवी माणूस हे सगळं वाचतो, कधी कधी स्वतःलाही नकळत.

उरलेलं काम ठरलेली वाक्यं करतात. "तुम्ही सगळ्यांचं करता, पण तुमच्या हाताला यश नाही." "पैसा येतो, पण टिकत नाही." "मनाने चांगले, पण लोक गैरसमज करून घेतात." शेजाऱ्याला हीच वाक्यं ऐकवून बघा, तोही मान डोलवेल. 1948 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना त्यांचं म्हणून एकच स्वभाववर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. पत्रिकांच्या बाबतीत अशी थेट परीक्षा महाराष्ट्रात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या. 27 ज्योतिष्यांची उत्तरं सरासरी 46 टक्के बरोबर आली. छापा-काटा करून निम्मी येतात.

हातावरून आजार कळतो का?

रेषांवरून नाही. हातावरून मात्र खरंच कळतो, आणि हा भाग प्रत्येकाने शिकून घ्यावा.

दोन्ही हातांची तीच बोटं पाठीला पाठ लावून नखं एकमेकांना भिडवा. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसली पाहिजे. ती नाहीशी झाली असेल आणि बोटांची टोकं फुगीर, गदेसारखी वाटत असतील तर फुप्फुस किंवा हृदयाच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जा.

नमस्कार करा. तळहात आणि बोटं सपाट टेकायला हवीत. बोटांच्या सांध्यांत फट राहत असेल आणि हात ताठ वाटत असेल तर मधुमेह तपासा. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की हाताचे सांधे असे आखडतात.

शुक्राचा उंचवटा बसका. पुस्तकात याचा अर्थ प्रेमाचा अभाव. पण तो आधी भरीव होता आणि आता बसत चालला असेल, शिवाय रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, तर मनगटात दबलेली नस हे कारण असू शकतं. शिवणयंत्रावर, लाटण्यावर, माउसवर दिवस घालवणाऱ्यांनी इकडे दुर्लक्ष करू नये. स्नायू एकदा वाळला की भरून यायला कठीण.

लालबुंद तळहात परंपरेत लक्ष्मीचे. गरोदरपणात तसे होतात, यकृताच्या आजारातही होतात. नव्याने लाल झाले असतील तर लक्ष्मीची वाट न बघता रक्त तपासा. उलट, बोटं पूर्ण उघडल्यावर तळव्याच्या रेषाही पांढुरक्या दिसत असतील तर रक्त खूप कमी आहे. नखं चमच्यासारखी खोलगट झाली असतील तर लोह कमी.

आणि हातावरून भूतकाळ सांगायचाच असेल तर नखं बघा. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच असेल तर ती मुळापासून मोजा. सहा मिलिमीटर म्हणजे दोनेक महिन्यांपूर्वी जोराचा ताप किंवा मोठं आजारपण होऊन गेलं. पट्टी लावून मोजता येणारं एवढं नेमकं विधान तळव्यावरची कुठलीच रेषा करू देत नाही.

पैसे आणि खडे

दक्षिणा आधी ठरवा. कुणी आधी भीती घातली (मंगळावर फुली, आयुष्यरेषेवर बेट म्हणजे रेषा फुटून पुन्हा जुळते तिथला फुगवटा) आणि मग त्याच तोंडाने शांती, खडा किंवा कवच सुचवलं, तर तो हात बघत नाहीये, खिसा बघतोय. ताईत, कवच, मंत्र यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करायला 1954च्या औषध आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. चालू औषध थांबवायला सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

हौसेने हात बघत असाल तर एक सवय लावून घ्या. घेतलेल्या ठशाच्या मागे तारखेसह भाकीत लिहायचं. "चांगले दिवस येतील" असं नाही, तर "2027च्या आत नोकरी बदलेल" असं, खरं की खोटं ठरवता येईल असं. समोरच्याची सही घ्या, पाकीट बंद करा आणि त्याच्याच घरी कपाटात ठेवायला द्या. पाकीट उघडायची तारीख वर मोठ्या अक्षरात लिहा. त्या दिवशी नवा ठसा घेऊन दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. कुठल्या बारीक रेषा आल्या, कुठल्या गेल्या हे मोजताही येतं.